घरच्या फोटोंसाठी कॅमेरा बदलावा का, हे कसे ठरवावे

घरात पहिले मूल चालू-धावू लागले, किंवा बारसे, मुंज असे एखादे कार्य ठरले, की कपाटातला जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) बाहेर निघतो, चार फोटो काढून पाहिले जातात आणि फोनवरचेच फोटो बरे येतात असे कोणीतरी म्हणते. नव्या कॅमेऱ्याची चर्चा तिथून सुरू होते. पुढील मजकूर मुख्यतः अशाच घरांसाठी आहे, जिथे साधारण २०१२ ते २०१८ या काळात घेतलेला सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर, त्याच्यासोबत मिळालेली १८–५५ मिलिमीटरची किट लेन्स आणि बऱ्यापैकी चांगला फोन आहे. ज्यांच्याकडे केवळ फोन आहे त्यांचाही विचार पुढे केला आहे. दोघांनीही निर्णयाची सुरुवात आपल्याच जुन्या फोटोंपासून करावी. दुकान आणि किमतींची तुलना हा नंतरचा भाग आहे.

आधी फसलेले फोटो तपासावेत

गेल्या वर्षभरातले जे फोटो चांगले यायला हवे होते पण आले नाहीत, ते वेगळे काढावेत. फसलेले फोटो लगेच पुसून टाकण्याची सवय बहुतेकांना असते. तशी ती असेल तर पुढचा महिनाभर एकही फोटो पुसू नये. चाळीस-पन्नास फोटो जमले की प्रत्येक फोटो संगणकाच्या पडद्यावर पूर्ण आकारात उघडावा आणि फाइलमध्ये नोंदलेली माहिती वाचावी. कॅमेरा आणि फोन दोन्ही प्रत्येक फोटोसोबत शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहिले), ॲपर्चर (लेन्स किती उघडली; हा एफचा आकडा जितका लहान, तितकी ती जास्त उघडते), आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) आणि लेन्सची फोकल लेंग्थ (मिलिमीटरमधला आकडा; तो जितका मोठा, तितकी लेन्सची नजर अरुंद) नोंदवून ठेवतात. संगणकावर फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये आणि फोनवर गॅलरीतील तपशिलात ही माहिती दिसते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत ती उरत नाही, म्हणून मूळ फाइलच पाहावी.

आता प्रत्येक फोटो नेमका कशामुळे फसला, त्यानुसार त्यांचे गट पाडावेत. मुलाचा चेहरा किंवा हात ओढल्यासारखा पुसट आहे, पण मागची भिंत आणि तिच्यावरचे कॅलेंडर स्पष्ट आहे, असे दिसल्यास मूल हलले आणि शटर त्याच्या मानाने मंद होते. अशा फोटोंत शटर स्पीड बहुधा १/३० किंवा १/४० सेकंद असा नोंदलेला असतो. जागेवर बसून बोलणाऱ्या मुलासाठी १/१२५, खोलीत खेळणाऱ्यासाठी १/२५० आणि अंगणात धावणाऱ्यासाठी १/५०० असा हिशेब धरावा. मागची भिंतही तितकीच हललेली दिसत असेल, तर फोटो काढणाऱ्याचा हात हलला आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लेन्समधील किंवा बॉडीमधील (म्हणजे लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्यातील) स्थिरीकरण हाताच्या थरथरण्यावर उपाय करते. समोरच्या मुलाला ते थांबवू शकत नाही. दुकानात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत केली जाते.

शटर पुरेसे वेगवान असूनही चेहरा धूसर आणि मागचा पडदा मात्र धारदार असेल, तर फोकस चुकला आहे. चेहरा फोटोत तांदळाएवढा आणि मोठा करून पाहावा तर चौकोन दिसतात, असे असेल तर अंतराची अडचण आहे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजींचा चेहरा काळवंडला असेल, किंवा ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा एकत्र लागल्याने सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत असतील, तर तो फोटो या हिशेबातून वगळावा. नवा कॅमेराही तेच करील. तिथे आजींचे तोंड खिडकीकडे करणे किंवा एक्स्पोजर एका टप्प्याने वाढवणे एवढेच पुरते.

आणखी एक गट असा आहे, की ज्याची फाइलच नाही. कॅमेरा वरच्या फळीवर होता, बॅटरी उतरलेली होती, किंवा एवढे ओझे बागेत कोण नेणार म्हणून तो घरीच राहिला. हे न काढलेले फोटो प्रामाणिकपणे आठवावेत. ते फार असतील, तर मोठा आणि जड कॅमेरा घेतल्याने त्यांची संख्या वाढेल. सोनीच्या ए७ मालिकेतील चौथ्या आवृत्तीची बॉडी सुमारे ६६० ग्रॅमची आहे आणि तिच्यावर २४–७० एफ २.८ ची उत्तम लेन्स लावली की एकूण वजन सव्वा किलोच्या पुढे जाते. एका कडेवर मूल घेऊन दुसऱ्या हाताने ते उचलून पाहावे, आणि मगच माहितीपत्रक वाचावे.

पैसे खर्च करण्याआधी काय करून पाहावे

हालचालीचे आणि फोकसचे गट मोठे निघाले, तर आहे त्याच कॅमेऱ्यावर काही बदल करून पंधरवडाभर फोटो काढावेत. ऑटो मोडमध्ये पुष्कळसे कॅमेरे आयएसओ शक्य तितका कमी ठेवण्यासाठी शटर मंद करतात. समोरचे मूल पुढच्या क्षणी उडी मारणार आहे, हे त्यांना कळत नाही. म्हणून शटरला प्राधान्य देणारा मोड निवडावा, जो निकॉनवर एस आणि कॅननवर टीव्ही या अक्षरांनी दाखवलेला असतो. त्यात शटर १/२५० ठेवावे, आयएसओ ऑटोवर टाकावा आणि त्याची कमाल मर्यादा ६४०० करावी. फोटो दाणेदार येईल, हे खरे आहे. पण ६ बाय ४ इंचांच्या प्रिंटवर ते दाणे सहसा जाणवत नाहीत आणि संगणकावर ते बरेच कमीही करता येतात. हललेला चेहरा मात्र नीट करता येत नाही. दाण्यांची भीती ही मुख्यतः पडद्यावर फोटो अवाजवी मोठा करून पाहण्याच्या सवयीतून आलेली आहे, असे माझे मत आहे.

एक गोष्ट आपल्या इकडच्या विजेमुळे लक्षात ठेवावी लागते. वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पुष्कळ ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. त्यांच्या प्रकाशात १/२५० ला एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे, असे होऊ शकते. तसे झाल्यास शटर १/१०० वर आणावे. हा कॅमेऱ्यातील बिघाड नव्हे, आणि केवळ एवढ्यासाठी तो बदलू नये. काही नव्या कॅमेऱ्यांत दिव्यांची ही लय ओळखून नेमक्या क्षणी शटर उघडण्याची सोय असते, परंतु आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर नव्या कॅमेऱ्यांतही हे पट्टे उलट अधिक ठळकपणे येतात.

फोकससाठी सतत फोकस करणारी पद्धत निवडावी. तिला निकॉन एएफ-सी म्हणते, कॅनन एआय सर्व्हो. कॅमेऱ्याला स्वतःहून बिंदू निवडू देऊ नये, कारण तो अनेकदा सर्वांत जवळची किंवा ठळक वस्तू पकडतो, आणि वाढदिवसाच्या फोटोत ती वस्तू म्हणजे केक असते. मधला एकच बिंदू निवडून तो मुलाच्या डोळ्यावर ठेवावा. कॅननचा २००डी असणाऱ्यांनी आणखी एक प्रयोग अवश्य करावा. या कॅमेऱ्यात, डोळ्याने भिंगातून न पाहता मागचा पडदा चालू केला, की सेन्सरवरच (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच) फोकस करणारी ड्युअल पिक्सेल पद्धत सुरू होते आणि कॅमेरा चेहरा ओळखून त्याचा माग काढतो. अनेक मालकांनी ती कधी वापरलेलीच नसते. कॅननच्या १३००डी किंवा १५००डी मध्ये ही पद्धत नाही, त्यामुळे तिथे पडद्यावरून फोकस करणे फार संथ होते.

पंधरवड्यानंतर नवे फोटो पुन्हा त्याच गटांत टाकून पाहावेत. फोकसचा गट आटला आणि फोटो नुसतेच अंधारे किंवा अतिदाणेदार येऊ लागले, तर प्रश्न प्रकाशाचा आहे, आणि बहुतेक घरांत तो तिथेच येऊन थांबतो.

प्रकाश कमी पडत असेल तर आधी लेन्स

किट लेन्स १८ मिलिमीटरवर बहुधा एफ ३.५ पर्यंत उघडते, पण ५५ मिलिमीटरवर ती एफ ५.६ च्या पुढे जात नाही. एफ १.८ ची लेन्स त्या ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, कारण प्रकाश हा या आकड्याच्या वर्गानुसार बदलतो. व्यवहारात याचा अर्थ असा होतो, की त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, त्याच आयएसओवर किट लेन्सने १/२५ ला हललेला फोटो या लेन्सने साधारण १/२५० ला काढता येतो. आता हीच तुलना बॉडीशी करून पाहावी. सुरुवातीच्या डीएसएलआरमधील एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो आणि कॅननचा त्याहून किंचित लहान असतो. फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळाचे गुणोत्तर काढले तर ते अडीचच्या आसपास येते. म्हणजे फुलफ्रेमवर गेल्याने प्रकाशात होणारा लाभ सुमारे अडीच पट, आणि लेन्स बदलल्याने होणारा लाभ दहा पटींपर्यंत. किमती सतत बदलत असल्या, तरी अशी साधी एफ १.८ ची लेन्स नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या किटपेक्षा सहसा पाव किमतीत किंवा त्याहूनही कमी किमतीत येते.

घरातले फोन-फोटो जुन्या डीएसएलआरपेक्षा बरे का दिसतात, याचेही उत्तर इथेच आहे. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सीच्या पाचव्या हिश्शाएवढा असू शकतो, पण त्याची लेन्स एफ १.८ च्या जवळपास असते. किट लेन्स १८ मिलिमीटरवर असताना दोघांना मिळणारा एकूण प्रकाश जवळपास सारखाच भरतो. त्यावर फोन एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो आणि पुढे निघून जातो. जुना कॅमेरा इथे हरला असे वाटते, प्रत्यक्षात त्याच्यावर लावलेली लेन्स अपुरी पडलेली असते.

लेन्स कोणती घ्यावी, हे खोलीच्या मापावरून ठरवावे. ५० मिलिमीटर एफ १.८ ही सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत जास्त खपणारी लेन्स आहे. कॅननची २०१५ साली आलेली एसटीएम आवृत्ती तर जेमतेम १६० ग्रॅमची आहे. परंतु एपीएस-सी सेन्सरवर तिची नजर अरुंद होते. तीन मीटर रुंदीत बसलेली मंडळी तिच्यातून टिपायची झाली तर सुमारे साडेसहा मीटर मागे जावे लागते, आणि दहा बाय बारा फुटांच्या दिवाणखान्यात तेवढे मागे गेले तर माणूस जिन्यात पोहोचेल. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला त्याच फोटोसाठी साडेचार मीटर लागतात, १८ मिलिमीटरला सव्वादोन-अडीच. म्हणून निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर एएफ-एस डीएक्स ३५ मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स घरासाठी अधिक सोयीची ठरते. लेन्स घेण्याआधी किट लेन्स ३५ वर आणि मग ५० वर ठेवून, ती न फिरवता, एकेक दिवस घरात फोटो काढून पाहावेत. कोणती चालेल हे त्यातच कळते. कॅननची २४ मिलिमीटर एफ २.८ ही छोटी लेन्स खोलीत बसते खरी, पण किट लेन्सच्या त्याच फोकल लेंग्थच्या मानाने तिचा प्रकाशाचा लाभ साधारण दुप्पटच आहे, त्यामुळे तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

निकॉनच्या ३००० आणि ५००० या मालिकांतील डीएसएलआर बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यामुळे डी३५०० किंवा डी५६०० वर जुनी ५० मिलिमीटर एफ १.८ डी लेन्स लावली तर आपोआप फोकस होत नाही. नावात एएफ-एस असलेलीच घ्यावी. वापरलेल्या लेन्स विकणारे हे दर वेळी सांगतातच असे नाही.

मोठ्या ॲपर्चरची एक किंमत मोजावी लागते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्सने दीड मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा असतो. डोळे आणि नाक स्पष्ट, कान धूसर, असा एकट्या बाळाचा फोटो सुंदर दिसतो. पण आईच्या मांडीवरच्या बाळाचा फोटो असेल तर दोघांपैकी एकाचा चेहरा जातो. दोघे असतील तर एफ २.८, चार-पाच जण असतील तर एफ ४ किंवा ५.६ ठेवावे, आणि मग उणे पडणाऱ्या प्रकाशाची भरपाई आयएसओने किंवा फ्लॅशने करावी.

फ्लॅशबद्दल आपल्याकडे अकारण अढी आहे, आणि ती कॅमेऱ्यावरच्या उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशमुळे निर्माण झाली आहे. ज्याचे डोके फिरते असा वेगळा फ्लॅश लावून ते पांढऱ्या छताकडे वळवले, की खोलीभर मऊ प्रकाश पसरतो. बारशाच्या किंवा डोहाळजेवणाच्या घरगुती फोटोंसाठी याहून परिणामकारक खर्च दुसरा नाही. मंगल कार्यालयाच्या उंच छतावर किंवा मंडपाच्या रंगीत कापडाखाली मात्र हा उपाय चालत नाही, कारण प्रकाश परत येत नाही किंवा कापडाचा रंग घेऊन येतो. आणि आरतीच्या वेळी फ्लॅश लावूच नये, असे मी म्हणेन. निरांजनाचा चेहऱ्यावर पडलेला उजेड हाच त्या फोटोचा विषय असतो, तिथे दाणेदार फोटो चालेल.

बॉडी केव्हा बदलावी

एवढे करूनही फोकसचा गट मोठाच राहिला, तर बॉडी बदलण्याचे सबळ कारण मिळाले असे समजावे. डीएसएलआरमध्ये भिंगातून पाहताना फोकससाठी वेगळा छोटा संवेदक काम करतो आणि त्याचे बिंदू थोडे व मध्याजवळ असतात. कॅननच्या १५००डी मध्ये ते ९ आहेत, निकॉनच्या डी३५०० मध्ये ११. मिररलेस कॅमेरे फोकस सेन्सरवरच मोजतात, त्यामुळे जवळजवळ संपूर्ण चौकटीत कुठेही चेहरा आणि डोळा ओळखून ते त्याचा पाठलाग करतात. सोनीच्या २०१९ मधील ए६४०० पासून ही सोय मध्यम किमतीतही विश्वासार्ह झाली, आणि आता कॅनन, निकॉन यांच्या लहान मिररलेस कॅमेऱ्यांतही ती आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या मागे धावताना एफ १.८ ची लेन्स वापरणाऱ्यासाठी हा फरक खरा आहे. सुरुवातीच्या श्रेणीतील नवीन डीएसएलआर मात्र आता घेऊ नये. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली फुलफ्रेम मिररलेससाठी नवे माउंट (लेन्स बसवण्याची जोडणी) आणले, आरएफ आणि झेड, आणि त्यानंतर त्यांच्या नव्या लेन्स मुख्यतः या माउंटसाठीच निघत आहेत.

याचा अर्थ आज घेतलेली एफ १.८ ची लेन्स उद्या वाया जाईल, असा नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ॲडॉप्टर लावून आरएफ माउंटवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर एएफ-एस लेन्स ऑटोफोकस करतात, जुन्या डी प्रकारच्या करत नाहीत. त्यामुळे आधी लेन्स आणि वर्ष-दोन वर्षांनी बॉडी, हा क्रम कॅनन किंवा निकॉन असणाऱ्यांना निर्धास्तपणे पाळता येतो.

बॉडी बदलण्याची दुसरी दोन कारणेही रास्त आहेत. पहिले, दुरुस्तीचा खर्च तशाच वापरलेल्या कॅमेऱ्याच्या किमतीइतका येणे. दुसरे, वजन आणि आकार, म्हणजे लहान कॅमेरा घेतल्यास तो खरोखर बाहेर नेला जाईल, अशी घरातल्या फोटो काढणाऱ्या व्यक्तीची खात्री असणे. व्हिडिओ हे कारण सांगितले जाते तेव्हा मात्र थोडे थांबावे. जुना डीएसएलआर व्हिडिओत फोकस शोधत भटकतो हे खरे, पण घरगुती व्हिडिओ फोनवर उत्तम निघतात आणि तेथेच पाहिले जातात.

मेगापिक्सेल हे कारण जवळपास कधीच नसते. ६ बाय ४ इंचांच्या उत्तम प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेल लागतात, ए४ आकाराच्या प्रिंटला पावणेनऊ, फोर-के टीव्हीला सव्वाआठ. डी३५०० चे २४ मेगापिक्सेल २० बाय १३ इंचांच्या प्रिंटलाही पुरतात.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे

दिवसाच्या उजेडात, बागेत, प्रवासात, चार-पाच जणांच्या गटात चांगला फोन पुरतो, आणि ज्यांचे फसलेल्या फोटोंचे गट लहान निघाले त्यांनी कॅमेऱ्याच्या फंदात पडू नये. फोनवरचे धूसर, पसरट दिव्यांचे फोटो कित्येकदा भिंगावरच्या तेलकट बोटामुळे आलेले असतात; आधी ते सुती कापडाने पुसावे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने चेहरा फार जवळून टिपला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन पावले मागे जाऊन दुपटीचा झूम वापरला, तर हा दोष जातो.

फोन खऱ्या अर्थाने कमी पडतो तो दोन ठिकाणी. एक, संध्याकाळी घरात हलणारे मूल, कारण अनेक फोटो एकत्र करण्याची त्याची युक्ती स्थिर गोष्टींवर चालते. दोन, शाळेचे स्नेहसंमेलन. पालकांच्या रांगेतून रंगमंच वीस मीटरवर आहे असे धरले, तर फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीत सुमारे वीस मीटर उंचीचा भाग येतो, पाचपट झूम असला तरी चार मीटर, आणि एपीएस-सी कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरची लेन्स लावली तर सव्वा मीटर. दुसरीतल्या मुलाची उंची साधारण तेवढीच असते. मंचावरच्या प्रकाशात एफ ५.६ ला आयएसओ ३२०० ते ६४०० लागेल, पण चेहरा चेहरा म्हणून दिसेल. ज्यांच्याकडे डीएसएलआर आहे, त्यांनी यासाठी बॉडी न बदलता ५५–२५० किंवा ७०–३०० ची लेन्स घ्यावी, किंवा वर्षातून एकदाच लागणार असेल तर भाड्याने आणावी.

घेण्याआधी आणि घेताना

पुणे-मुंबईत कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने सहज मिळतात. ओळखपत्र आणि अनामत रक्कम द्यावी लागते. जो कॅमेरा घ्यायचा विचार आहे तो शनिवार-रविवारसाठी आणून घरातच, रात्री दिव्याखाली, आपल्या मुलांचे फोटो काढावेत. दुकानाच्या लखलखीत उजेडात प्रत्येक कॅमेरा चांगलाच वाटतो. भाड्याचा कॅमेरा पहिल्यांदा हाती घेण्याची वेळ मात्र मुंजीच्या दिवशी आणू नये.

एकूण खर्च मांडताना नुसती बॉडीची किंमत धरू नये. नवी किट लेन्सही एफ ५.६ किंवा ६.३ पर्यंतच उघडते, म्हणजे घरातील अंधाराचा प्रश्न नव्या कॅमेऱ्यासोबत परत येतो आणि मोठ्या ॲपर्चरची लेन्स तेव्हाही घ्यावीच लागते. दुसरी बॅटरी, कार्ड आणि पिशवी हे खर्च अपरिहार्य आहेत. साठवणुकीचाही विचार करावा. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल वीस-पंचवीस एमबीची असते, आणि गूगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली असून १५ जीबीची मोफत जागा जीमेल आणि ड्राइव्हसह वाटून घ्यावी लागते. दोन बाह्य हार्ड डिस्क, एक घरी आणि एक नातेवाइकांकडे, असा हिशेब अंदाजपत्रकातच धरावा.

वापरलेली वस्तू घेण्यात काही गैर नाही; लेन्सच्या बाबतीत तर मी तीच शिफारस करीन. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारच्या परिसरात नवी-जुनी कॅमेऱ्याची दुकाने आहेत, जिथे वस्तू हातात घेऊन पारखता येते. लेन्समध्ये मागून विजेरीचा प्रकाश टाकून पुढून पाहावे; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत वापरलेल्या लेन्समध्ये ती वारंवार आढळते. अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बॉडी घेताना शटर किती वेळा चालले हे विचारावे. निकॉन तो आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये नोंदवते, त्यामुळे एक फोटो काढून तो तपासता येतो. सुरुवातीच्या श्रेणीतील बॉडींचे शटर साधारण एक लाख वेळा चालेल अशा अपेक्षेने बनवलेले असते. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरील धूळ आणि डाग ठिपक्यांच्या रूपात दिसतात. नवी वस्तू फार स्वस्त सांगितली जात असेल तर भारतातील अधिकृत हमीपत्र आणि पक्के बिल मिळते का, हे आधी विचारावे.

कार्यासाठी घेत असाल तर किमान महिनाभर आधी घ्यावा. नव्या कॅमेऱ्याची बटणे अंधारात, न पाहता सापडायला तेवढा काळ लागतो, आणि त्या महिन्यात काही दोष निघाला तर तो बदलून घेण्याची मुदतही हातात राहते. जुना कॅमेरा विकायचा असेल तर लगेच विकावा, कारण डीएसएलआरच्या किमती दर वर्षी उतरत आहेत. ठेवायचा असेल तर बॅटरी काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि पावसाळ्यात ते जेल महिन्यातून एकदा गरम करून कोरडे करून घ्यावे.